आईसोबत ब्रॉडवेवरचं जुनं म्युझिकल बघायचंय: कोणतं निवडावं, कुठल्या खुर्च्या घ्याव्यात?

जर्सीकर

आई सप्टेंबरअखेरपर्यंत इकडे आहे. तिला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचं एक म्युझिकल दाखवायचं आहे, आणि तेही वर्षानुवर्षं चाललेलं. एकदाच जाणं होणार, त्यामुळे निवड चुकायला नको.

तिचे गुडघे दुखतात. कठडा धरून दहा-बारा पायऱ्या चढते, त्याहून जास्त जमत नाही. इंग्रजी वाचायला येतं, बातम्या कळतात, पण गाण्यातलं भरभर इंग्रजी तिला पकडता येत नाही. कान मात्र संगीत नाटकांवर तयार झालेला आहे, म्हणजे गाणं कच्चं असेल तर तिला लगेच कळेल.

फँटम ऑफ द ऑपेरा अजून चालू आहे का? नसेल तर लायन किंग, विकेड, शिकागो, हॅमिल्टन यांतलं कोणतं? खाली बसावं की वर? टीकेटीएसची (सवलतीच्या तिकिटांची) रांग की आधीच बुकिंग? आणि मूळ संचातलं कोणीच उरलेलं नसताना वीस-पंचवीस वर्षं चाललेला प्रयोग उतरलेला असतो का? आम्ही एडिसनहून ट्रेनने येणार.

---

मागची रांग

फँटम बंद झालं. मॅजेस्टिक थिएटरमध्ये २६ जानेवारी १९८८ ला सुरू झालं आणि १६ एप्रिल २०२३ ला शेवटचा, १३,९८१ वा प्रयोग झाला. ब्रॉडवेवर इतके प्रयोग दुसऱ्या कशाचेच झालेले नाहीत.

चालू असलेल्यांत शिकागोचं पुनरुज्जीवन १४ नोव्हेंबर १९९६ पासून आहे, लायन किंग १३ नोव्हेंबर १९९७ पासून, विकेड ३० ऑक्टोबर २००३ पासून. त्यानंतर बुक ऑफ मॉर्मन (२०११), अलादीन (२०१४) आणि हॅमिल्टन (२०१५).

तुमच्या आईंसाठी माझं मत सरळ लायन किंगला. गोष्ट पाच मिनिटांत सांगून होते, आणि ती शब्दांपेक्षा डोळ्यांनी जास्त कळते. शिवाय त्यातलं बरंच समूहगान झुलू, स्वाहिली, खोसा अशा आफ्रिकी भाषांत आहे. तिथे शेजारच्या अमेरिकन माणसालाही शब्द कळत नसतात. सगळ्यांनी फक्त सूर आणि लय ऐकायची असते. संगीत नाटकावर वाढलेल्या कानाला हे समूहगान लागतंच. संगीतकार लेबो एम यांनी बांधलेले ते आवाज एकावर एक चढत जातात, आणि तालवादक पिटात (रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात) लपलेले नसून प्रेक्षागृहाच्या दोन्ही बाजूंना वर बसलेले दिसतात.

पहिली पाच मिनिटं अजिबात चुकवू नका. अंधारात रफिकी या पात्राची हाक येते, तिला उत्तर येतं, आणि मग प्राणी प्रेक्षकांमधल्या वाटांवरून रंगमंचाकडे चालत जातात. हत्ती चार माणसं मिळून चालवतात. नट मुखवट्यामागे लपलेला नसतो. मुखवटा डोक्यावर असतो आणि खाली त्याचा चेहरा दिसत राहतो, त्यामुळे एकाच वेळी हरणही दिसतं आणि ते उडवणारी बाईही दिसते. दिग्दर्शिका ज्युली टेमर यांनी हे असंच ठरवून केलं आणि १९९८ साली म्युझिकलच्या दिग्दर्शनाचा टोनी पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. उशीर झाला तर हा सगळा भाग बाहेर उभं राहून घालवावा लागतो. वाटा प्राण्यांनी भरलेल्या असतात, आत सोडणार कसं?

विकेड दुसऱ्या क्रमांकावर. गाणं म्हणून ते जास्त ताकदीचं आहे, दोन स्त्री-आवाजांवर सगळा डोलारा उभा आहे. पण कथानक गुंतागुंतीचं आणि लांबी मध्यंतर धरून पावणेतीन तास. आईंनी २०२४ चा चित्रपट पाहिला असेल तर प्रश्न बराच सुटतो, कारण त्यात मध्यंतरापर्यंतची गोष्ट आहे.

शिकागोत नेपथ्य जवळपास नाही. काळे कपडे, रंगमंचावरच बसलेला बँड आणि नाच. तो बँड ऐकण्यासारखा आहे, पण मजा शब्दांच्या टोकदारपणात आणि १९२० च्या दशकातल्या कोर्टकचेरीच्या उपहासात आहे, ती इंग्रजी कानाशिवाय अर्धी सुटते. हॅमिल्टन तयारीशिवाय नको. जवळजवळ सगळं गाण्या-रॅपमध्ये आहे, संवाद म्हणून थांबायला जागाच नाही. बुक ऑफ मॉर्मन आईसोबत नको, भाषा फार शिवराळ आहे.

---

तिसरी घंटा

वरच्याशी सहमत. खुर्च्यांचं सविस्तर लिहिते, कारण गुडघ्यांचा प्रश्न असेल तर नाटकाइतकंच थिएटर बघून ठरवावं लागतं.

ब्रॉडवेची बरीच थिएटरं शंभर वर्षांच्या आसपासची आहेत. शिकागोचं अँबॅसॅडर १९२१ चं, हॅमिल्टनचं रिचर्ड रॉजर्सही १९२० च्या दशकातलं. अशा जुन्या वास्तूंत मेझानीनला म्हणजे वरच्या मजल्याला जायला बहुधा फक्त जिना असतो. वर पोचल्यावरही रांगांमधल्या पायऱ्या उंच आणि अरुंद, आणि बऱ्याच ठिकाणी धरायला काही नाही. विकेडचं गर्श्विन (१९७२) आणि लायन किंगचं मिन्स्कॉफ (१९७३) ही त्या मानाने नवी. दोन्हींत प्रेक्षागृह रस्त्याच्या पातळीच्या वर आहे, पण सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. मिन्स्कॉफमध्ये तर तिसऱ्या मजल्यावर जावं लागतं. दारात शिरल्याशिरल्या समोरच्या माणसाला लिफ्ट विचारा, गर्दीबरोबर सरकत्या जिन्याकडे वाहत जाऊ नका.

म्हणून तुमच्यासाठी ऑर्केस्ट्रा, म्हणजे खालचा मजला. पण त्यातही फार मागे नको. मेझानीनचा सज्जा मागच्या रांगांच्या डोक्यावर येतो आणि रंगमंचाचा वरचा भाग कापला जातो. लायन किंगमध्ये काठ्यांवरचे पक्षी, विकेडमध्ये पहिल्या अंकाच्या शेवटी उंच जाणारी नायिका एल्फाबा, नेमकं हेच तिथून अर्धवट दिसतं. अगदी पुढच्या दोन-तीन रांगाही नकोत. मान वर करून बसावं लागतं आणि नाचातली पावलं दिसत नाहीत.

आता आकड्यांची गंमत. यात पुष्कळ लोक फसतात. रंगमंचाकडे तोंड करून बसलं की डावीकडच्या भागात विषम आकडे असतात (१, ३, ५), उजवीकडे सम (२, ४, ६), आणि मधल्या भागात १०१ पासून पुढे सलग. म्हणजे ५ आणि ७ शेजारी-शेजारी, पण ५ आणि ६ मध्ये अख्खं सभागृह. १ आणि २ हे आकडे मधल्या भागाला लागून असलेल्या वाटांवर येतात.

लायन किंगसाठी १ आणि ३, किंवा २ आणि ४ मिळाले तर डोळे झाकून घ्या. प्राणी त्याच वाटांवरून जातात, आईंच्या कोपराजवळून. १ नंबरला वाट उजव्या हाताला, २ नंबरला डाव्या हाताला. म्हणून उजवा गुडघा जास्त दुखत असेल तर १, डावा असेल तर २. पाय थोडा बाहेर लांब करता येतो. फक्त मिरवणूक येते तेव्हा पाय आत घ्यायला आणि पिशवी खुर्चीखाली सरकवायला सांगून ठेवा.

वाटेकडचा हात वर उचलता येणाऱ्या काही खुर्च्याही बहुतेक थिएटरांत असतात. त्या नकाशावर वेगळ्या चिन्हाने दाखवतात, नाहीतर तिकीट खिडकीवर विचारायचं. आणि चाकाची खुर्ची आणणार असलात, तर अमेरिकी कायद्यानुसार त्या जागेबरोबर त्याच रांगेत लगतच्या तीन जागांपर्यंत सोबत्यांसाठी मागता येतात, अर्थात तेव्हा शिल्लक असतील तर.

---

जर्सीकर

१ आणि २ चं मला अजिबात माहीत नव्हतं, आभार. उजवा गुडघा जास्त दुखतो, म्हणजे १ आणि ३. मग हे टीकेटीएसवर मागून मिळेल का, की आधीच घ्यावं? आणि इंग्रजीचं काय करावं? शेजारी बसून हळूच सांगत राहिलं तर चालतं का?

---

खिडकीवरचा

ठरावीक खुर्ची हवी असेल तर टीकेटीएसचा विचार सोडा. टाइम्स स्क्वेअरमध्ये ४७ व्या रस्त्यावर, लाल पायऱ्यांच्या खाली ती खिडकी आहे. थिएटर डेव्हलपमेंट फंड ही संस्था १९७३ पासून चालवते. २० ते ५० टक्के सवलत मिळते, पण त्या खिडकीपर्यंत जे पोचलं त्यातलंच घ्यावं लागतं, तेही बहुतेक त्याच दिवशीचं. लायन किंग, विकेड, हॅमिल्टन तिथे लागतीलच असं नाही, शिकागो बऱ्याचदा असतं. त्यातून आईंना तासभर उभं करायचं म्हणजे प्रयोगाआधीच गुडघे संपले. कधी घेतलंतच तर पैसे देण्याआधी "दोन्ही शेजारी आहेत ना?" हे विचारा, कारण घेतलेलं तिकीट परत होत नाही.

स्वस्त तिकिटांच्या लॉटरीचंही तेच. हॅमिल्टनची दहा डॉलरची प्रसिद्ध आहे, विकेड आणि लायन किंगचीही असते. एका अर्जावर दोन तिकिटं मागता येतात. नंबर लागला तर ठरावीक वेळात, बऱ्याचदा तासाभरात, पैसे भरावे लागतात, पण खुर्ची ते देतील ती. कडेची, खांबाआडची, वरची, काहीही. एकट्याने जाणाऱ्यासाठी उत्तम. वयस्कर माणसाला घेऊन जाणाऱ्यासाठी नाही.

तुमच्या तारखांत एक गोष्ट बसू शकते. ब्रॉडवे वीक वर्षातून दोनदा असतो, एकदा हिवाळ्यात आणि एकदा सप्टेंबरच्या सुमारास. नाव वीक असलं तरी एका आठवड्याहून जास्त चालतो. त्यात एका तिकिटाच्या किमतीत दोन मिळतात. तुम्ही दोघंच आहात, त्यामुळे हिशेब बरोबर जमतो. सगळी नाटकं त्यात नसतात, काही तारखा वगळलेल्या असतात आणि चांगल्या जागा पहिल्या एक-दोन दिवसांत उडतात. विक्री सुरू होण्याची तारीख आधीच जाहीर होते, त्या सकाळी बसून घ्यायचं.

एरवी नाटकाच्या अधिकृत साइटवरूनच जा. गूगलवर सगळ्यात वर येणारी बरीच दुकानं पुनर्विक्रीची असतात, नाव आणि रंगरूप थिएटरसारखंच. मिन्स्कॉफ आणि गर्श्विनची विक्री टिकेटमास्टरवर जाते, अँबॅसॅडरची टेलीचार्जवर. पुढची पायरी म्हणजे तुमच्यापैकी कोणी एकदा थिएटरच्या खिडकीवर जाणं. ऑनलाइनची सेवा-फी तिथे पडत नाही, आणि समोरचा माणूस प्लॅन बघून "या रांगेतून वरचं कापलं जातं, एक पुढची घ्या" असं सांगतो. खिडकी साधारण सकाळी दहाला उघडते, रविवारी बाराच्या सुमारास.

वार निवडताना बुधवार दुपारचा दोनचा प्रयोग शनिवारपेक्षा बहुधा स्वस्त पडतो. फक्त सुटेपर्यंत पावणेपाच होतात आणि परतीची ट्रेन ऑफिस सुटण्याच्या गर्दीत सापडते. आईंना बसायला जागा हवी असेल तर गर्दी ओसरेपर्यंत जवळच कुठे तरी टेकून मग निघा, किंवा रविवारची दुपार घ्या.

---

तिसरी घंटा

इंग्रजीबद्दल. कानात कुजबुजून भाषांतर अजिबात नको. पुढच्या-मागच्या दोन्ही रांगांना ऐकू जातं, जागा दाखवणारा अशर येऊन समज देतो आणि आईंना उगाच ओशाळं वाटतं. त्याऐवजी आदल्या दिवशी घरी गोष्ट फक्त मध्यंतरापर्यंत सांगा. पुढची मध्यंतरात, खुर्चीवर बसल्या बसल्या. सगळी एकदम सांगितली की दुसऱ्या अंकातली नावं डोक्यात मिसळतात. मूळ संचाचा अल्बम आठवडाभर स्वयंपाक करताना लावून ठेवा. संगीत नाटकाचं पद आधी तोंडपाठ असतं आणि मग नाटक बघतो, तसंच इथेही होतं. ओळखीची चाल आली की माणूस सावरून बसतो.

त्या वाचू शकतात हे फार उपयोगाचं आहे. गॅलाप्रो नावाचं फुकट अ‍ॅप आहे, बऱ्याच ब्रॉडवे प्रयोगांना त्यावर संवाद आणि गाणी इंग्रजीत, प्रयोगाच्या वेगाने सरकत दिसतात. पडदा काळा, अक्षरं मंद, त्यामुळे शेजाऱ्याला त्रास नाही. अ‍ॅप घरूनच उतरवून घ्या, फोन पूर्ण चार्ज करा, आणि थिएटरमध्ये प्रयोगाआधी दहा मिनिटं जोडून बघा. दिवे गेल्यावर शोधत बसलात तर पहिलं गाणं जातं. फोन मांडीवर धरून सतत खाली बघायचं नाही हेही सांगा. अडलं तरच एक नजर.

ऐकू कमी येत असेल तर ओळखपत्र ठेवून हेडफोनचं यंत्रही फुकट मिळतं.

एक फरक आधीच कानावर घालून ठेवा: इथे वन्स मोअर नाही. गाणं कितीही रंगलं तरी टाळ्या पडतात, संपतात, पुढचा प्रवेश सुरू. गायकाने आलाप वाढवून दाद घ्यावी अशी अपेक्षा ठेवून बसलं तर पहिल्या अंकात थोडी निराशा होते.

---

पिटातला

"प्रयोग उतरलेला असतो का?" याचं उत्तर अजून आलेलं नाही, म्हणून.

मूळ संच जातो, पण बसवलेली चौकट जात नाही. ती राखायला माणसं नेमलेली असतात. डान्स कॅप्टनकडे प्रत्येकाची जागा आणि पाऊल लिहिलेलं असतं. स्टेज मॅनेजर रोज प्रयोग चालवतो आणि कुठे ढिलं पडलं त्याच्या नोंदी देतो. नवीन माणूस येतो तेव्हा पुट-इन नावाची तालीम होते. नवा नट पूर्ण वेशात, बाकीचे घरच्या कपड्यांत, आणि अख्खं नाटक त्याच्याभोवती फिरवून बघतात. स्विंग म्हणजे समूहातल्या अनेक जागा पाठ असलेला कलाकार. कोणी आजारी पडलं की तो संध्याकाळी कुठल्याही जागी उभा राहतो. हे माझ्या मते ब्रॉडवेवरचं सगळ्यात अवघड काम आहे. आठवड्याला आठ प्रयोग अशाच माणसांच्या जिवावर होतात.

त्यामुळे प्लेबिल या माहितीपुस्तिकेतून "आजच्या प्रयोगात अमुक भूमिका अमुक करतील" अशी चिठ्ठी पडली तर खट्टू होऊ नका. विकेडमध्ये एल्फाबासाठी स्टँडबाय ठेवलेली असते, तिचं कामच ती भूमिका कधीही पेलणं हे आहे. अनेकदा ताजा आवाज ऐकायला मिळतो, कारण मुख्य गायिका आठवड्याच्या शेवटी दमलेली असते. रविवारची दुपार सुचवली आहे खरी, पण आवाज हीच मुख्य गोष्ट असेल तर मी आठवड्याच्या मधला प्रयोग घेईन.

परताव्याचा नियम लक्षात ठेवा. ज्या कलाकाराचं नाव जाहिरातीत नाटकाच्या नावाच्या वर छापलेलं असतं, तो आला नाही तरच पैसे परत किंवा तारीख बदलून मिळते. लायन किंग किंवा विकेड कोणा एका नावावर विकली जात नाहीत. शिकागोत मात्र काही आठवड्यांसाठी प्रसिद्ध चेहरे येतात. कोणासाठी म्हणून जाणार असाल तर त्यांच्या तारखा आणि सुट्टीचे प्रयोग आधी तपासा.

जिथे जुनेपणा खरंच दिसतो ती जागा म्हणजे विनोद. हशा कुठे येणार हे नटाला माहीत झालं की तो वाक्याआधीच थांबतो. पण हे तुमच्या आईंना जाणवणार नाही, आणि लायन किंगमध्ये त्यावर फारसं अवलंबूनही नाही.

शेवटी पडदा पडल्यावर लगेच उठू नका. प्रेक्षक बाहेर पडतानाचं संगीत वादक वाजवत असतात. ते संपेपर्यंत बसलात तर ऐकायलाही मिळतं आणि लिफ्टजवळची गर्दीही ओसरते.

---

मागची रांग

एडिसनहून येण्याबद्दल: पेन स्टेशनला उतरलात की तिथल्या ३४ व्या रस्त्याच्या स्टेशनवरून १, २ किंवा ३ नंबरची सबवे घ्या, पुढचंच स्टेशन टाइम्स स्क्वेअर-४२. दोन्हीकडे लिफ्ट आहेत, पण निघण्याआधी एमटीएच्या (सबवे चालवणाऱ्या संस्थेच्या) साइटवर त्या चालू आहेत ना ते बघा, बंद असण्याचं प्रमाण कमी नाही. मिन्स्कॉफ ४५ व्या रस्त्यावर, म्हणजे तिथून तीन छोटे ब्लॉक, अडीचशे मीटरच्या आसपास. गर्श्विन ५१ वर आहे, चालायला पाऊण किलोमीटर पडेल. विकेड ठरलं तर पेन स्टेशनवरूनच टॅक्सी करा, आणि टाइम्स स्क्वेअरच्या गर्दीत अडकायला नको म्हणून आठव्या अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूने.

दारं प्रयोगाआधी अर्धा-पाऊण तास उघडतात. उघडताच आत जा आणि आईंना आधी स्वच्छतागृहात नेऊन आणा. मध्यंतर साधारण पंधरा मिनिटांचं, आणि बायकांची रांग त्यात पुरत नाही. जायचंच असेल तर दिवे लागताक्षणी उठायचं. १ नंबरच्या खुर्चीचा तिथेही फायदा आहे. मोठी बॅग नको, कोट-सामान ठेवायची सोय सगळीकडे नसते.

आणि शाल. आत वातानुकूलन फार गार असतं, सप्टेंबरच्या उन्हात लक्षात येत नाही. अडीच तास गारठ्यात बसलं की गुडघे आखडतात आणि नेमकं परत निघताना उठवत नाही. एक खांद्यावर, एक पायांवर.

---

जर्सीकर

लायन किंग, ऑर्केस्ट्रा, १ आणि ३. आठवड्याच्या मधला दुपारचा प्रयोग बघतो आणि शनिवारी खिडकीवर जाऊन येतो. मधल्या रांगांत १ आणि ३ शिल्लक नसतील तर मागे जावं की बाजूला?

---

तिसरी घंटा

बाजूला नको, तारीख बदला. तीही जमत नसेल तर मागे जा, पण सज्जा कुठल्या रांगेवर सुरू होतो ते खिडकीवर विचारून, त्याच्या एक-दोन रांगा पुढे थांबा. मिन्स्कॉफमध्ये कडेच्या जागांवरून समोरच्या विंगेतलं जास्त आणि रंगमंचाचं कमी दिसतं, आणि वाटही दूर राहते.